न मुरलेले पाणी

गेल्या दिवाळीत आमच्या धाडच्या घरी काचेची एक पेटी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. नातीचा हट्ट, मुलाचे पैसे आणि माझी बैठकीची खोली, असा तो त्रिपक्षीय करार होता. शहरातल्या एका दुकानदाराने तासाभरात सगळा संसार जमवून दिला. रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे, हवा सोडणारा छोटा पंप, स्पंजाची गाळणी आणि फुगवलेल्या पिशव्यांमधून आठ मासे: चार गोल्डफिश, दोन एंजल, दोन काळ्या मोली. संध्याकाळी पेटी भरली, मासे सोडले, दिवा लावला. शेजारची पोरे दारात गोळा झाली. आमच्या सौ. म्हणाल्या, "टीव्हीपेक्षा बरं आहे हो हे. निदान बोलत तरी नाहीत."

चौथ्या दिवशी सकाळी नातीची हाक आली, "आजोबा, मासा आडवा झोपलाय."

एक एंजल आणि एक गोल्डफिश गेले होते. पाणी ताकाच्या निवळीसारखे पांढुरके दिसत होते. मी 36 वर्षे बँकेत काढलेला माणूस. गडबड दिसली की ती त्याच दिवशी निस्तरायची, ही सवय. उरलेले मासे बादलीत काढले, सगळे पाणी अंगणात ओतले, खडे घासून उन्हात वाळवले, स्पंज नळाखाली पिळपिळून धुतला, काच लखलखीत केली आणि ताजे पाणी भरले. नातीने टॉवेलने काच पुसली. पुढच्या पाच दिवसांत आणखी चार मासे गेले. आठांतली सहा खाती बुडीत.

सहावा मासा तुळशीच्या कुंडीत पुरताना नातीने विचारले, "आजोबा, आपण तर सगळं घासून स्वच्छ केलं होतं ना? मग का मेले?"

हा प्रश्न लेखापरीक्षकाने विचारला असता, तर मी दोन पानी खुलासा लिहून मोकळा झालो असतो. सात वर्षांच्या मुलीला खुलासा चालत नाही. तिला उत्तर लागते, आणि माझ्याकडे ते नव्हते. म्हणून मी चौकशीला लागलो. जुनी पुस्तके चाळली, बुलढाण्याच्या एका शिक्षकमित्राकडे जाऊन बसलो. त्याच्या घरात कित्येक वर्षे माशांची टाकी आहे. हाती जे लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो, कारण अशा पेट्या आता गावोगावी पोचल्या आहेत आणि पहिल्या महिन्यातले हे मरण घरोघरी तेच असते.

काही संशयास्पद दिसले की आपण म्हणतो, पाणी कुठेतरी मुरतेय. आमच्या पेटीत गडबड नेमकी उलटी होती. पाणी मुरलेच नव्हते.

ते कसे, हे मला माझ्या नोकरीतल्या एका आठवणीमुळे चटकन कळले. सुमारे 40 वर्षांपूर्वी एका खेड्यात बँकेची नवी शाखा उघडण्याचे काम माझ्याकडे आले होते. उद्घाटनाला फुलांच्या माळा, पेढे, सरपंचांचे भाषण. दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली. पैसे भरणारे, काढणारे, कर्ज मागणारे. कारकून मात्र अजून बदलीच्या गावाहून निघालेच नव्हते. टेबलावर व्हाउचरांचा ढीग वाढत गेला आणि चौथ्या दिवशी हिशेब कोलमडला. माणसे वाईट नव्हती, इमारत नवी कोरी होती. काम उरकणारे हात तेवढे नव्हते.

नव्या पेटीत हेच होते. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, पेटीत साठतो, कल्ले जाळतो. जुन्या टाकीत मात्र खड्यांवर, काचेवर आणि मुख्यतः गाळणीच्या स्पंजात सूक्ष्म जिवाणूंची वस्ती असते. त्यातला पहिला गट अमोनियाचे नायट्राइट करतो. तेही विषारी. ते रक्तात शिरले की प्राणवायू वाहण्याची रक्ताची शक्ती कमी होते आणि पाण्यात हवा असूनही मासा धापा टाकतो. दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट बरेच सौम्य असते आणि थोडे पाणी बदलले की बाहेर जाते. एका कारकुनाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पुढे पाठवायची, आणि आठवड्याच्या शेवटी गठ्ठा मुख्य कार्यालयाकडे रवाना. शाखा चालते ती अशी.

नव्या पेटीत हे कारकून हळूहळू रुजू होतात. साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरू लागतो तेव्हा नायट्राइट चढते, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येतात. त्याआधी आठ मासे सोडणे म्हणजे उद्घाटनाच्या दिवशीच कर्जमेळावा भरवणे. आणि मी केलेली ती झकास सफाई? चार दिवसांत जे थोडेफार जिवाणू येऊन बसले होते, त्यांना मी उन्हात वाळवले आणि नळाखाली पिळून काढले. वर नव्या पाण्याचा धक्का दिला तो वेगळाच. नातीला खरे उत्तर हेच होते: बाळ, आपण स्वच्छ केले म्हणूनच गेले.

गंमत अशी की आपल्या घरात हे शास्त्र रोज रात्री राबवले जाते. दुधाला विरजण लावायला आपण कालच्या दह्याचा चमचा घालतो. पातेले धुऊन पुसून नुसतेच ठेवले तर सकाळी दही मिळत नाही, नासलेले दूध मिळते. हे अमोनिया पचवणारे जिवाणू पहिल्यांदा वेगळे काढून ओळखले ते सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने, 1890 च्या सुमारास, झुरिकमध्ये. पुढे शंभरावर वर्षे असेच समजले जात होते की ही दोन कामे दोन वेगळे जिवाणूच करतात. 2015 साली दोन्ही कामे एकट्याने उरकणारा जिवाणूही सापडला. आमच्या शाखेत असा एखादा असता तर मी त्याला बढती दिली असती.

शिक्षकमित्राने माझी कहाणी ऐकून घेतली आणि आपल्या जुन्या गाळणीतला काळपट स्पंजाचा तुकडा कापून, त्याच्याच टाकीतल्या पाण्यात बुडवून डब्यात दिला. "हे तुमचं विरजण. वाळू देऊ नका, नळाच्या पाण्यात धुऊ नका, आणि आता महिनाभर एकही नवा मासा आणू नका." उरलेला एकुलता गोल्डफिश त्याने आपल्या मोठ्या सिमेंटच्या हौदासाठी मागून घेतला. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि घाणही तेवढीच करतो. त्याला थंड पाणी मानवते, एंजलला कोमट. आम्ही दोघांना एका खोलीत कोंबले होते. काचेच्या गोल भांड्यातला गोल्डफिश चित्रात शोभतो, पण तिथे तो जगत नाही, मरणाची वाट पाहतो.

आता आमच्या पाण्याविषयी. धाड हे बुलढाणा तालुक्यातले, विदर्भाच्या टोकावरचे गाव. थोडे पुढे गेले की मराठवाडा लागतो. पायाखाली दख्खनचा काळा पाषाण. विहिरीचे, बोअरचे पाणी जड. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, भांड्यांच्या बुडाशी पांढरा थर धरतो. सूनबाई म्हणाल्या, "मग आरओचं पाणी घालू या." मित्राने तेही थांबवले. त्या पाण्यातले क्षार निघून गेलेले असतात. नुसत्या तशा पाण्यात सामू, म्हणजे पीएच, स्थिर राहत नाही. जड पाणी वाईट नसते. त्यात राहू शकणारा मासा निवडायचा असतो.

जड पाण्याची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. असे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, आणि सामू वाढला की तोच अमोनिया अधिक विषारी होतो. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल, तर एकूण अमोनियातला हजारात पाच-सहा भाग घातक रूपात असतो. सामू 8 झाला की शंभरात पाच. म्हणजे सुमारे दहापट. आमच्याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा सामू दहाच्या आसपास मोजला गेलेला आहे. जून 2020 मध्ये खारे पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले, तेव्हा सगळ्या देशाने त्याचे फोटो पाहिले. तेवढ्या सामूला बहुतेक सगळा अमोनिया विषारी रूपात असतो. म्हणून बुलढाण्याकडच्या माणसाने मासे पाळताना पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्याचे नियम जसेच्या तसे उचलू नयेत. आमच्याकडे अमोनियाची चूक जास्त महाग पडते.

दुसरे, नळाचे पाणी. ग्रामपंचायत त्यात टीसीएल पावडर टाकते, आणि टाकायलाच हवी. माणसाला वाचवणारे तेच क्लोरीन माशाचे कल्ले पोळते आणि आपल्या त्या कारकुनांनाही मारते. उपाय सोपा आहे. पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवायचे, मधूनमधून ढवळायचे. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात.

मुलाने संभाजीनगरहून अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंब आणले. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि रंग ताडून बघायचा. अमोनिया नसेल तर पिवळा, वाढत जाईल तसा हिरवा. नातीला हे काम फार आवडले. मी तिला जुन्या लेजरसारखी वही आखून दिली: तारीख, अमोनिया, नायट्राइट, किती पाणी बदलले, मासे किती. मासे या रकान्यात महिनाभर एकच आकडा होता, 1. ती काळी मोली. मोलीला जड पाणी मानवते, म्हणून ती टिकली असावी.

अमोनिया चढला की अर्धी बादली पाणी काढायचे, तेवढेच मुरवलेले पाणी घालायचे. सगळे पाणी एकदम कधीही नाही. नायट्राइट चढले तेव्हा मित्राने दोन चमचे खडे मीठ विरघळवून घालायला सांगितले. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो. मीठ सगळ्याच माशांना सोसत नाही, मोलीला सोसते. आणि खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच, दिवसातून एकदा.

हे शेवटचे आम्हाला सर्वांत जड गेले. आग्रह करून वाढणे हा आपला संस्कार. दिवाळीत पेटीपुढे जो येई तो चिमूटभर दाणे टाकी. सकाळी नात, दुपारी शेजारची पोरे, संध्याकाळी सूनबाई, आणि रात्री सगळे झोपल्यावर मी. मासा वर येऊन तोंड उघडतो, आपल्याला वाटते उपाशी आहे. खरे तर तो दम लागून वर आलेला असतो. त्या अज्ञानात आम्ही धाप लागलेल्याच्या तोंडात लाडू कोंबत होतो.

ज्यांच्या घरी नवी पेटी आहे, त्यांच्यासाठी चार खुणा सांगतो. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झाले तर घाबरू नका. अन्नावर वाढणारे दुसरे जिवाणू उसळलेले असतात, ते काही दिवसांत आपोआप बसतात. खाणे कमी करा, पाणी उपसू नका. पाणी हिरवे झाले तर खिडकीतले ऊन अडवा. एखाद्याच माशाच्या अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो रोग असतो, त्याचे औषध वेगळे. पण सगळेच मासे एकदम वर येऊन धापा टाकू लागले, तर औषधाच्या बाटलीकडे हात नेऊ नका. दोष पाण्याचा आहे. थोडे पाणी बदला, हवेचा पंप जोरात चालवा.

हा धडा काही आमच्यापासून सुरू झालेला नाही. 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काचेच्या टाकीत गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवली की मासा वनस्पतीला पोसेल आणि वनस्पती माशाला प्राणवायू देईल, असा त्याचा विचार. पण पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि तोल साधला. तीनच वर्षांनी, 1853 मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले 1951 साली. बँकेच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो असताना मीही तिथे काचेला नाक लावून उभा राहिलो होतो. मासे पाहिले. पाणी पाहायचे असते, हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

दत्तजयंतीच्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा दोन शून्ये एका ओळीत आली. चार दिवस लागोपाठ आली तेव्हा नात म्हणाली, "आता आणू या?" कोणते मासे आणायचे, याचे उत्तर दारात चालत आले. आरोग्य खात्याचा माणूस डासांच्या अळ्या तपासायला घरोघरी पिंप बघत फिरत होता. त्याची नजर पेटीवर गेली. "साहेब, दुकानातले कशाला आणता? गप्पी घ्या ना. आपल्या पाण्यात कुठंही जगतात."

गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा, ही ओळ महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे रंगवलेली आपण वाचली आहे. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाकडचा आणि त्रिनिदादच्या बाजूचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आपल्याकडे आणला गेला. जड, अल्कधर्मी पाणी त्याला मानवते. नराच्या शेपटीला रंग असतो, मादी साधी पण आकाराने मोठी. अंडी घालत नाही, महिन्याभराने थेट पिल्लेच देते. फुकट मिळतो म्हणून आपण त्याला मासा समजत नाही, एवढाच त्याचा दोष.

संक्रांतीला सहा गप्पी आले. दोन नर, चार माद्या. तेही दोन हप्त्यांत, आधी तीन, आठवड्याने तीन. कर्ज हप्त्याहप्त्याने सोडावे, हा नियम मी आयुष्यभर इतरांना सांगितला होता. सहाही जगले.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. गल्लीत नळाला आठवड्याने पाणी येऊ लागले. बायका पिंपे भरून ठेवू लागल्या. शेजारच्या काकू ओट्यावर बसून एकदा बोललेच, "माणसांना पाणी नाही अन् यांच्या माशांना काचेचा बंगला." बोल लागला. खोटा नव्हता. त्या रात्री मी हिशेब मांडला. पेटीत पाणी साधारण 45 लिटर, पण ते एकदाच भरलेले. आठवड्याला बदलतो ते नऊ-दहा लिटर, आणि ते गटारात जात नाही. त्यातले नायट्रेट म्हणजे झाडांचे खतच. ते सगळे तुळस, कढीपत्ता आणि मोगऱ्याला जाते, जिथे आधी पिंपातले चांगले पाणी जात होते. म्हणजे झाडांचे पाणी माशांना वापरायला देऊन मग झाडांना घातले, इतकेच. दिवाळीत एका सकाळी मी जे आख्खे पाणी अंगणात ओतले होते, त्यात पुढचे पाच आठवडे निघाले असते. काकूंना दुसऱ्या दिवशी हिशेब सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि कढीपत्त्याच्या चार डहाळ्या तोडून नेल्या. ती मी पोचपावती समजलो.

पाण्यापाठोपाठ विजेचा प्रश्न. मे महिन्यात दुपारी वीज गेली की पंप बंद पडे. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच श्वास कमी. वीज गेली की स्पंजातले जिवाणूही गुदमरू लागतात, त्यांनाही प्राणवायू लागतो. मुलाने बॅटरीवर चालणारा पंप आणला. तो चार्ज करायला विसरलो, तर नात तांब्याने पाणी उचलून धार धरत बसायची. त्या दिवसांत तिने टीव्ही लावला नाही.

गप्पींना पिल्ले झाली. काही आयांनीच खाल्ली, हे नातीला पचायला दोन दिवस लागले. उरलेल्यांची संख्या वाढल्यावर तिला वाटले, ओढ्यात सोडावीत. तिथे मात्र मी नाही म्हटले. बाहेरून आलेला हा चिवट मासा ओढ्यात गेला की इथल्या छोट्या माशांच्या तोंडचा घास आणि जागा दोन्ही घेतो. जादा पिल्ले आम्ही आरोग्य खात्याच्या त्या माणसाला देतो. तो ती बंदिस्त हौदांत सोडतो.

काळी मोली अजून आहे. वहीचे रकाने आता आठवड्यातून एकदाच भरले जातात.

परवा शेजारचा मुलगा नवी पेटी घेऊन आला. हातात पैसे, डोळ्यांत घाई. दुकानात जायला बस गाठायची होती त्याला. नातीने त्याला बसवले आणि म्हणाली, "आधी पाणी भर. मासे पुढच्या महिन्यात." तो हिरमुसला. मग तिने कात्री आणली, आमच्या गाळणीच्या स्पंजाचा एक कोपरा कापला, पेटीतल्या पाण्यासकट डब्यात घातला आणि झाकण लावून त्याच्या हातात दिला.

"वाळू देऊ नकोस," ती म्हणाली. "आणि धुऊ तर मुळीच नकोस."